नवीन लोकांना फॉरट्रानचा इतिहास सांगताना पहिलं सेशन का फसलं आणि दुसऱ्यात काय बदललं

हे प्रकरण एका सेशनचं आहे, म्हणजे खरं तर दोन सेशनचं, कारण पहिलं फसलं म्हणून दुसरं घ्यावं लागलं. आमच्याकडे उष्णता कशी पसरते याचं गणित करणारा एक मोठा जुना प्रोग्राम आहे, बराचसा फॉरट्रान या गणितासाठीच्या जुन्या प्रोग्रामिंग भाषेच्या ७७ या आवृत्तीतला, काही भाग नंतर कोणीतरी फॉरट्रान ९० मध्ये लिहिलेला, आणि काही फाइल्स अशा की वरचा अर्धा भाग एका काळातला आणि खालचा दुसऱ्या. टीममध्ये सात नवीन जण आले. सगळ्यांचं पायथन पक्कं, दोघांना सी ही भाषा पण येत होती, फॉरट्रानचा कोड मात्र कोणीच आधी उघडून पाहिलेला नव्हता. त्यांना भाषेचा इतिहास सांगायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते आनंदाने घेतलं, कारण हा इतिहास मला फार जवळचा आहे.

पहिलं सेशन दीड तासाचं, आणि सुरुवात थेट जन्मापासून. १९५३ च्या शेवटी जॉन बॅकस यांनी आयबीएममधले त्यांचे वरिष्ठ कथबर्ट हर्ड यांना पत्र लिहून कल्पना मांडली, १९५४ मध्ये काम सुरू झालं, आयबीएम ७०४ या मशीनसाठी, आणि बॅकस यांनीच नंतर सांगितलंय की कधी होणार असं विचारलं की उत्तर एकच, अजून सहा महिने, आणि असं करत करत कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवून देणारा प्रोग्राम, बाहेर पडला एप्रिल १९५७ मध्ये. मग १९५८ ला फॉरट्रान २, त्यात सबरूटीन, म्हणजे नाव देऊन हवे तेव्हा बोलावता येणारे प्रोग्रामचे तुकडे, आले. १९६२ ला फॉरट्रान ४. १९६६ ला स्टँडर्ड, म्हणजे भाषेचे सगळ्यांसाठी एकच ठरवलेले नियम, प्रोग्रामिंग भाषेचं असं हे पहिलंच. मग ७७, जे मंजूर झालं १९७८ ला. मग ९०, ९५, २००३, २००८, २०१८, २०२३. सगळं बरोबर होतं, सगळं क्रमाने होतं, सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी एकच प्रश्न आला, "मग हे सगळं आपण नवीन भाषेत का नाही लिहीत?" मी म्हटलं फॉरट्रान फास्ट आहे म्हणून. ते मान डोलावून गेले, पण का फास्ट आहे हे मी सांगितलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या.

पहिली अशी. एका सबरूटीनमध्ये काउंटर होता, वर त्याची घोषणा (म्हणजे नाव आणि प्रकार सांगणारी ओळ) आणि खाली वेगळ्या ओळीत त्याला शून्य दिलेलं. नवीन आलेल्या एकीने ती दोन ओळींची एक ओळ केली, घोषणेतच काउंट बरोबर शून्य. इतर कुठल्याही भाषेच्या सवयीने बघितलं तर ही साधी साफसफाई आहे. पण फॉरट्रानमध्ये लोकल व्हेरिएबलला घोषणेतच किंमत दिली की ते आपोआप 'सेव्ह' होतं, म्हणजे ते शून्य प्रोग्राम सुरू होताना एकदाच मिळतं आणि पुढच्या कॉलला मागच्या कॉलचा आकडा तसाच शिल्लक असतो. सीमध्ये स्टॅटिक लिहिल्यावर जे होतं तेच, फक्त इथे स्टॅटिक असा शब्द कुठे दिसतच नाही. छोट्या टेस्टमध्ये ते सबरूटीन एकदाच कॉल व्हायचं त्यामुळे टेस्ट पास, आणि मोठ्या रनमध्ये आकडे हळूहळू वाकडे. तीन दिवस गेले शोधण्यात.

दुसरी गोष्ट लूपची. एकाने दोन आत-बाहेरचे लूप उलटे केले, कारण त्याला ओळ बाहेर आणि कॉलम आत असं वाचायची सवय. उत्तरं तंतोतंत तीच आली, पण रन बराच हळू झाला, आणि त्याला वाटलं आज मशीनवर लोड असेल.

दोघांचीही मुळीच चूक नाही असं मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणतो. मी त्यांना दीड तास इतिहास सांगितला होता आणि या दोन्ही ओळींमागे नेमका इतिहासच उभा होता, तोच मी सांगितला नव्हता. मी सनावळी दिली होती. त्यांना हवं होतं ते म्हणजे समोरची विचित्र ओळ अशी का आहे आणि ती बदलली तर चालेल का, एवढंच.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त लागली. पहिल्या सेशनमध्ये मी मरिनर १ ची गोष्ट रंगवून सांगितली होती, की फॉरट्रानमध्ये स्वल्पविरामाऐवजी टिंब पडलं आणि शुक्राकडे निघालेलं यान नष्ट झालं. सी येणाऱ्या दोघांपैकी एक जण नंतर माझ्याकडे आला आणि साधेपणाने विचारलं की हे नक्की झालंय का, कारण त्याला वाचायला वेगळंच मिळत होतं. मी परत जाऊन तपासलं. तर तसं झालेलं नाही. मरिनर १ चं उड्डाण २२ जुलै १९६२ चं, यान पाच मिनिटांच्या आत पाडावं लागलं हे खरं, पण कारण होतं मार्गदर्शन सिग्नलमधला बिघाड आणि त्यात भर म्हणून समीकरण उतरवून घेताना एका चिन्हावरची सुटलेली आडवी रेघ, जी रेघ सांगत होती की इथे कच्चा आकडा नाही तर सरासरीने गुळगुळीत केलेला आकडा घ्या. फॉरट्रानच्या स्वल्पविरामाचा त्यात संबंध नाही. स्वल्पविरामाची चूक खरीच घडली होती पण वेगळीकडे, नासाच्या मर्क्युरी प्रकल्पातल्या कक्षा मोजणाऱ्या प्रोग्राममध्ये, आणि ती कोणाच्या तरी लक्षात आली, दुरुस्त झाली, यान वगैरे काही पडलं नाही. दोन गोष्टी सांगता सांगता एकत्र चिकटल्या आणि वर्षानुवर्षं तशाच फिरत राहिल्या, मीही त्या तशाच पुढे ढकलल्या. नवीन माणूस आपल्यावर विश्वास ठेवून ऐकत असतो, तिथे ही चूक मला छोटी वाटत नाही.

तर दुसरं सेशन. ते ठरवताना मी एकच नियम घातला, की ज्याची खूण आपल्या कोडमध्ये दिसत नाही ते बोलायचं नाही. आमच्याच प्रोग्राममधलं चाळीसेक ओळींचं एक सबरूटीन छापून सातही जणांना दिलं, वीस मिनिटं दिली, आणि सांगितलं की जे जे खटकतंय त्याला गोल करा. उत्तर माहीत असायची गरज नाही, फक्त खटकलं पाहिजे. मग सगळे गोल बोर्डवर घेतले आणि प्रत्येकाला तीन प्रश्न लावले, हे कशामुळे आलं, ते कारण आज जिवंत आहे का, आणि नियम आज जिवंत आहे का. दुसरा आणि तिसरा प्रश्न वेगवेगळे आहेत हे त्या दिवशी मलाही पहिल्यांदा नीट कळलं, कारण फॉरट्रानमधली सगळ्यात धोकादायक जागा हीच आहे, जिथे कारण कधीच गेलंय पण नियम अजून चालू आहे.

सगळ्यांनी गोल केलेली पहिली गोष्ट म्हणजे डावीकडची रिकामी जागा. प्रत्येक ओळ सातव्या कॉलमपासून का सुरू होते? कारण ही ओळ म्हणजे कार्ड आहे, पूर्वी प्रोग्राम ज्यावर भोकं पाडून लिहायचे ते पुठ्ठ्याचं कार्ड. पहिल्या कॉलमात सी हे अक्षर असेल तर ती कॉमेंट, म्हणजे माणसांसाठीची टीप, नाहीतर एक ते पाच लेबल, म्हणजे ओळीचा नंबर, सहाव्यात काही लिहिलं असेल तर मागच्या ओळीचं पुढे चालू, सात ते बहात्तर कोड. मग एकीने विचारलं की कार्ड तर ऐंशी कॉलमचं असतं ना, बहात्तरच का. हा प्रश्न मला फार आवडला कारण त्याचं उत्तर थेट मशीनमध्ये आहे. ७०४ चा शब्द ३६ बिटचा, कार्डाची एक आडवी रांग वाचली की ती दोन शब्दांत जायची, दोन गुणिले छत्तीस बहात्तर. उरलेले आठ कॉलम मशीन वाचायचंच नाही, म्हणून लोक तिथे कार्डांचे नंबर टाकायचे, गठ्ठा हातातून पडला तर परत लावता यावा म्हणून. आता कारण जिवंत आहे का? नाही. नियम? या जुन्या फॉर्मच्या फाइल्सना आजही लागू आहे, आणि ओळ बहात्तरच्या पुढे गेली तर नेहमीच्या सेटिंगमध्ये कंपायलर पुढचं सरळ सोडून देतो, कधी कधी एररसुद्धा येत नाही कारण उरलेली ओळही चालण्यासारखी असते. फॉरट्रान ९० पासून मोकळा फॉर्म आला, त्यात हे बंधन नाही. म्हणजे फाइल कुठल्या फॉर्मची आहे हे आधी बघायचं, मगच हात लावायचा.

मग नावं. आमच्या कोडमधली नावं सगळी तुटकी, सहा अक्षरांची, स्वर गाळलेली. सगळ्यांना वाटत होतं लिहिणाऱ्याने कंटाळा केला. ७०४ च्या त्याच ३६ बिटच्या शब्दात सहा बिटचं एक अशी सहा अक्षरं बसतात, आणि ७७ पर्यंत स्टँडर्डमध्ये मर्यादा सहाचीच राहिली, ९० मध्ये एकतीस झाली, २००३ मध्ये त्रेसष्ट. इथे मी त्यांना लापॅक या मॅट्रिक्सची गणितं करणाऱ्या लायब्ररीचं उदाहरण दिलं. पायथनमध्ये नमपाय ही गणिताची लायब्ररी वापरून समीकरणांचा संच सोडवला की खाली लापॅकचं जे रूटीन चालतं त्याचं नाव डीजीईएसव्ही, डी म्हणजे डबल प्रिसिजन, जीई म्हणजे जनरल मॅट्रिक्स, एसव्ही म्हणजे सॉल्व्ह. लापॅक पहिल्यांदा आलं १९९२ मध्ये, फॉरट्रान ७७ मध्ये लिहिलेलं, म्हणून सगळी नावं सहा अक्षरांच्या आत कोंबलेली. म्हणजे ज्यांनी फॉरट्रान कधी पाहिलं नव्हतं ते सगळे बरीच वर्षं १९५० च्या दशकातल्या मशीनच्या मापाचं नाव रोज हाक मारून बोलवत होते. हे ऐकल्यावर खोलीतलं वातावरण बदललं, हे मी बघितलं. इतिहास परका राहिला नाही, त्यांच्याच हातातल्या वस्तूत तो निघाला. इथे कारण गेलेलं, नियमही गेलेला, तेव्हा आमच्या कोडमधली नावं बिनधास्त मोठी करा असं तिथेच ठरलं.

आय पासून एन पर्यंतच्या अक्षरांनी सुरू होणारं, घोषणा न केलेलं व्हेरिएबल पूर्णांक आणि बाकी सगळे दशांशवाले, हा नियम दोघांना माहीत होता, आणि एकाने लगेच कारणही सांगितलं की इंटिजर शब्दाची पहिली दोन अक्षरं आय आणि एन म्हणून. लक्षात ठेवायला छान आहे पण कारण ते नाही. १९५६ च्या पहिल्या मॅन्युअलमध्ये इंटिजर हा प्रकार या नावाने नाहीच, तिथे त्याला फिक्स्ड पॉइंट म्हटलंय. गणितात अनुक्रमांकासाठी आय, जे, के, एम, एन वापरायची पद्धत आधीपासूनची, तीच भाषेत आली. मरिनरच्या अनुभवानंतर मी अशा सोयीच्या गोष्टींपाशी थांबायला लागलो होतो. आता हे बघा, कारण होतं टायपिंग वाचवणं आणि गणिती सवय, आज त्याची काहीच गरज नाही, पण नियम २०२३ च्या स्टँडर्डमध्येही चालूच आहे, म्हणून नावात स्पेलिंगची एक चूक झाली की कंपायलर गुपचूप नवीन व्हेरिएबल तयार करतो. म्हणून इम्प्लिसिट नन, म्हणजे घोषणा न केलेलं व्हेरिएबल चालणार नाही असं सांगणारी ओळ, लिहिणं हा आमच्याकडे तेव्हापासून नियम झाला, सवय नाही, नियम.

आणि मग घोषणेतलं ते शून्य. ज्या मुलीने तो बदल केला होता तिला मी आधी विचारून घेतलं की हे उदाहरण सगळ्यांसमोर घेऊ का, ती म्हणाली घ्या, मीच सांगते. तिने सांगितलं काय झालं, मी सांगितलं का झालं. जुन्या फॉरट्रानमध्ये स्टॅक, म्हणजे प्रत्येक कॉलला नवी तात्पुरती जागा देणारी मेमरी, धरलेलाच नव्हता. बहुतेक जुन्या कंपायलरमध्ये प्रत्येक व्हेरिएबलला मेमरीत एक कायमची जागा, आणि सुरुवातीची किंमत म्हणजे प्रोग्राम मेमरीत चढताना त्या जागेत भरलेली किंमत. त्यामुळे 'सुरुवात' या शब्दाचा अर्थ सबरूटीनची सुरुवात नव्हताच, अख्ख्या प्रोग्रामची सुरुवात होता. सबरूटीनने स्वतःला कॉल करणं तर ७७ मध्ये चालायचंच नाही, ९० ने रिकर्सिव्ह हा शब्द देऊन परवानगी दिली, आणि शब्द न लिहिताही चालेल असं झालं २०१८ ला. म्हणजे एवढं सगळं बदललं पण घोषणेतल्या किमतीचा अर्थ तोच राहिला, कारण तो बदलला असता तर चालू असलेले असंख्य प्रोग्राम आवाज न करता चुकीची उत्तरं द्यायला लागले असते. हे समजल्यावर तिच्या चेहऱ्यावरचा तीन दिवसांचा ताण उतरला असं मला वाटलं, कारण ही चूक मूर्खपणाची नव्हती, ती दोन काळांच्या सांध्यावर उभी होती.

लूपचं मात्र उलट आहे आणि हे मुद्दाम शेजारी ठेवलं. फॉरट्रान ॲरे, म्हणजे आकड्यांचे तक्ते, कॉलमप्रमाणे मेमरीत ठेवतं, पहिला इंडेक्स सगळ्यात भराभर बदलतो, ही पद्धत जुनी आहे, पण तिचा परिणाम आज उलट जास्त जाणवतो कारण आजच्या प्रोसेसरला कॅशमध्ये, म्हणजे त्याच्याजवळच्या छोट्या वेगवान मेमरीत, शेजारचे आकडे एकत्र आणायचे असतात. म्हणून पहिल्या इंडेक्सचा लूप सगळ्यात आत. जुनं दिसतं म्हणून उलटवायचं नाही.

इथून मी त्या पहिल्या प्रश्नाकडे आलो, फास्ट का. बॅकस यांच्या टीमला भीती एकच होती, की हाताने लिहिलेल्या मशीन कोडपेक्षा कंपायलरचा कोड हळू निघाला तर कोणी वापरणारच नाही. त्या काळात कॉम्प्युटर सेंटरमध्ये प्रोग्रामरवरचा खर्च मशीनच्या खर्चाइतका तरी असायचा, असं बॅकस यांनी लिहून ठेवलंय, तरीही हाताने लिहिणाऱ्या लोकांना कंपायलरवर विश्वास नव्हता. म्हणून पहिल्याच कंपायलरमध्ये ऑप्टिमायझेशनवर, म्हणजे कोड वेगवान करण्यावर, प्रचंड मेहनत आहे. लोइस हेब्ट या तरुण गणिती मुलीने त्यातला असा भाग लिहिला जो प्रोग्रामचा कुठला रस्ता किती वेळा चालला जाईल याचा अंदाज घ्यायचा, तो रस्ता खोटाखोटा चालवून बघून. १९५० च्या दशकात! हाच स्वभाव भाषेच्या नियमांत उतरला. सबरूटीनला दोन ॲरे दिल्या आणि त्यातल्या एकीत लिहिलं, तर त्या एकमेकींवर चढलेल्या नाहीत असं फॉरट्रानचा कंपायलर धरून चालू शकतो, त्यामुळे तो गणितं पुढेमागे करायला मोकळा असतो. सीमध्ये पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता धरणारे व्हेरिएबल, कुठेही बोट दाखवू शकतात, तिथे असं वचन देण्यासाठी रिस्ट्रिक्ट हा शब्द १९९९ च्या स्टँडर्डमध्ये आणावा लागला. सी येणाऱ्या दोघांनी इथे माना वर केल्या. वचन मोडलं तर कंपायलर तुम्हाला वाचवणार नाही हेही सांगितलं, कारण आमच्या कोडमध्ये एका ठिकाणी एकच ॲरे दोनदा पाठवलेली आहे आणि ते खरोखर चूक आहे.

मरिनरची दुरुस्तीही मी सगळ्यांसमोर केली, विचारणाऱ्याचं श्रेय त्याला देऊन. आणि तिच्या जागी एक खरी गोष्ट सांगितली, योगायोगाने तीही स्वल्पविरामाचीच. एप्रिल १९५७ मध्ये पिट्सबर्गजवळच्या वेस्टिंगहाऊस बेटिसच्या लोकांकडे दोनेक हजार कार्डांचा एक गठ्ठा पोचला, सोबत सूचना काहीच नाहीत. त्यांनी अंदाज केला की हा तो फॉरट्रान कंपायलर असणार, ७०४ मध्ये घातला, आणि आपला एक छोटा प्रोग्राम दिला. थोड्या वेळाने मशीनने एरर छापली, एका गो टू, म्हणजे दुसऱ्या ओळीवर उडी मारायला सांगणाऱ्या, स्टेटमेंटमध्ये उजव्या कंसानंतर स्वल्पविराम नाही. तो घातला, परत चालवलं, आणि उत्तरं छापून आली. त्यांचा फॉरट्रानचा पहिला अनुभव म्हणजे कंपायलरने स्पष्ट शब्दांत दाखवलेली चूक. मला ही गोष्ट मरिनरपेक्षा कितीतरी मोलाची वाटते, नवीन माणसाच्या पहिल्या दिवसासारखी आहे ती.

काय गाळलं तेही सांगतो. फॉरट्रान ३, हाय परफॉर्मन्स फॉरट्रान, ९० चं स्टँडर्ड लांबत गेलं त्याची भांडणं, बॅकस यांनी १९७७ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात स्वतःच्याच वाटेवर घेतलेली शंका. हे सगळं मला प्रिय आहे आणि गाळताना जिवावर आलं. पण त्या चाळीस ओळींत त्याची खूण नव्हती. ज्यांना हवं होतं ते नंतर येऊन विचारून गेले, सातातले तीन.

पुढे काय झालं. "नवीन भाषेत लिहू या" हा प्रश्न परत आला, पण आता तो असा आला की कुठला भाग लिहू या, आणि त्यावर खरी चर्चा झाली, फाइल वाचणं-लिहिणं आणि आलेख काढणं हे पायथनमध्ये हलवलं, गणिताचा गाभा फॉरट्रानमध्येच ठेवला. घोषणेतल्या शून्यांच्या आणखी चार जागा सापडल्या, त्यातल्या दोन मुद्दाम तशा होत्या आणि दोन नव्हत्या. पुढच्या बॅचचं सेशन त्याच मुलीने घेतलं, मी मागे बसलो, तिने माझे छापील कागद वापरले नाहीत, नवीन लोकांना सरळ मशीनवर बसवून ७३ व्या कॉलमात एक अक्षर टाकायला लावलं.

राहिली गोष्ट तीन वाटांच्या इफची. आकडा ऋण असेल तर एका लेबलवर, शून्य असेल तर दुसऱ्या, धन असेल तर तिसऱ्या, असा तो जुना इफ, ७०४ ला चिन्ह बघून उडी मारता यायची त्या काळातला. २०१८ च्या स्टँडर्डने तो भाषेतून काढून टाकला, कंपायलर मात्र अजून वॉर्निंग देऊन चालवतात. आमच्याकडे असे अकरा होते. तिने दहा बदलले, प्रत्येकाला आधी टेस्ट लिहून. अकराव्यातून निघणारी एक वाट परत मागच्या लेबलवर जाते आणि तिथून दुसऱ्याच लूपच्या तोंडाशी, तो उलगडायला वेळ लागणार आहे. त्याच्या वर तिने पहिल्या कॉलमात सी घालून लिहून ठेवलंय की हा इफ कुठून आला, आज त्याची गरज का नाही, आणि कुठली टेस्ट लिहिल्याशिवाय याला हात लावू नका.